भाटकरांच्या स्कूटरचा दिवा

भाटकर गेल्यावर आमच्या वसाहतीतल्या देवळाच्या सभामंडपात शोकसभा झाली. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. ते वेळेचे पक्के होते, शेजारी म्हणून चांगले होते, असं काहीबाही बोलून मी खाली बसलो. माझ्यानंतर एसटीतले त्यांचे एक जुने सहकारी उठले. म्हणाले, "उभा जन्म गाडी चालवली, कुणाला ओरखडा काढला नाही. म्हातारपणी एक चूक झाली, पण ती त्यांनी मोठ्या मनानं कबूल केली." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

ती चूक त्यांची नव्हती. ती माझी होती. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. घरात विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. आता भाटकर नाहीत, माझी बायको नाही, भाटकरवहिनीही नाहीत, आणि वसाहतीतल्या लोकांना भाटकर आठवतात ते त्या अपघातापुरते. हे बरोबर नाही. म्हणून लिहितो आहे.

वसंत भाटकर एसटीत ड्रायव्हर होते. मी मोटार वाहन निरीक्षक होतो. निवृत्त झाल्यावर दोघांनी नाचणे रस्त्याच्या बाजूला शेजारी शेजारी घरं बांधली. मधे चिऱ्याचा कंबरेएवढा गडगा. त्यांच्या पडवीत झोपाळा होता, माझ्या पडवीत खुर्ची. ते मला साहेब म्हणायचे. मी एकदोनदा म्हटलं, आता कसला साहेब, नावानं हाक मारा. तर म्हणाले, "तुमच्या सहीशिवाय आमची गाडी रस्त्यावर येत नव्हती. आता नावानं कशी हाक मारू?"

ते उंच होते आणि थोडे पुढे वाकलेले. झोपाळ्यावर बसले तरी पाय झुलवायचे नाहीत, जमिनीला टेकवून ठेवायचे. रस्त्यावर कुणी कर्कश ब्रेक मारला की त्यांचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जायचा. बोलणं चालूच असायचं, पायाचं त्यांना कळतही नसे. वहिनी हसायच्या. "अवो, घर थांबलेलाच हाय, सोडा पाय," म्हणायच्या.

त्यांची एक जुनी स्कूटर होती. ती बाहेर काढायच्या आधी ते तिच्याभोवती एक फेरी मारत आणि हातातल्या काठीनं दोन्ही टायरांवर ठोकून आवाज ऐकत. एसटीत सहा टायर ठोकायची सवय, ती दोनांवर आली होती. मग हेल्मेट. कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर आणायची असली तरी हेल्मेट. वसाहतीतली मुलं त्यांना हेल्मेटआजोबा म्हणत. वहिनींना पाठीमागे घेऊन मासळीबाजारात निघाले की वहिनींचा आवाज आमच्या घरापर्यंत येई. "जरा पिळा की! चालत गेल्ये असत्ये तर आतापर्यंत सरंगा कापून झाला असता." भाटकर म्हणत, "सरंगा काय पळून जात नाय. मेलेला असता तो."

बाजाराजवळच्या एकमार्गी रस्त्यावर सगळे उलटे घुसतात, मीही घुसायचो. भाटकर वळसा घालून जायचे. एकदा तिथल्या पोलिसानंच त्यांना हात केला, "जा आजोबा, रस्ता मोकळाय." हे थांबले आणि म्हणाले, "आज तुम्ही उभे आहात. उद्या तुमच्या जागी दुसरा असंल. मला सवय लागली मग?" आणि वळसा घालून गेले. पोलिसानंच मला हे सांगितलं होतं, हसत.

दर वर्षी जानेवारीत डेपोत नवीन ड्रायव्हरांसाठी एक कार्यक्रम असे. त्यात भाटकरांना बोलायला बोलवत. विनाअपघात नोकरी पूर्ण केलेला माणूस म्हणून. आदल्या दिवशी ते शर्टाला स्वतः इस्त्री करत. भाषण असं ते करत नसत, आंबा घाटातली एक गोष्ट सांगत. मी ती एकदा तिथे जाऊन ऐकली आहे. कोल्हापूरची गाडी घेऊन ते घाट चढत होते. समोरून ट्रक आला, पूर्ण अप्पर, म्हणजे वरचा झोत, लावून. यांनी आपला दिवा खाली केला, ट्रकवाल्यानं केला नाही. पुन्हा इशारा दिला, तरी नाही. तेव्हा भाटकरांनी गाडी बाजूला घेतली आणि सरळ उभी केली. कंडक्टर ओरडला, "भाटकर, झोपलात काय?" हे म्हणाले, "त्याला मी दिसत नाय, मला रस्ता दिसत नाय. दोघांतला एक तरी उभा पायजे." नवीन पोरं हसायची. मग भाटकर गंभीरपणे म्हणायचे, "दिवा आपल्याला दिसायसाठी असतो, ह्या अर्धा झाला. समोरच्याला दिसायला पायजे, ह्या उरलेला अर्धा." तेवढं बोलून ते खाली बसत. वर्षभरात त्यांना जो काही मान मिळे तो त्या अर्ध्या तासात मिळे, आणि तो त्यांना पुरे.

एसटीत एक शिस्त असते. गाडीत काही कमी-जास्त वाटलं तर ड्रायव्हरनं स्वतः हात लावायचा नाही. ब्रेक कमी लागतो, दिवा मंद आहे, असं वर्कशॉपला सांगायचं. वर्कशॉपवाले बघणार, करणार, आणि ठीक आहे म्हणणार. त्यांनी ठीक म्हटलं की ड्रायव्हरनं शंका काढायची नाही, गाडी न्यायची. भाटकरांच्या अंगात हे इतकं मुरलं होतं की निवृत्तीनंतर त्यांना वर्कशॉपची उणीव भासू लागली. ती जागा त्यांनी मला दिली. स्कूटरला आरसा मोठा बसवू का, पाठीमागे पेटी लावली तर चालेल का, नंबरप्लेटवर देवाचं नाव रंगवलंय ते पुसू का. गडग्याशी येऊन विचारायचे. मी सांगायचो. ते तसंच करायचे.

गोळपच्या सड्यावर, वरच्या कातळाच्या पठारावर, त्यांची थोडी आंब्याची कलमं होती. रोज दुपारी तिकडे जायचे आणि दिवेलागणीला भाट्याच्या पुलावरून परत यायचे. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना स्कूटरचा पिवळा दिवा अपुरा वाटू लागला. गॅरेजवाला म्हणाला, काका, आतला बल्ब काढून एलईडी टाकतो, दिवसासारखं दिसेल. भाटकर त्याला थांब म्हणाले आणि माझ्याकडे आले.

मी टीव्हीवर क्रिकेट बघत होतो. खिडकीतून त्यांनी विचारलं, "साहेब, स्कूटरला एलईडी बल्ब टाकला तर चालता काय?"

मी म्हटलं, "टाका हो. सगळे टाकतात. कोण धरतंय तुम्हाला?"

ते गेले नाहीत. "कोण धरता ता नाय विचारला. कायद्यात चालता काय, ता विचारला."

मला उत्तर माहीत होतं. गाडी ज्या दिव्यासकट मंजूर झालेली असते तो दिवा आपल्या मनानं बदलता येत नाही. कंपनीतूनच एलईडी घेऊन आलेली गाडी वेगळी. तिची काच आणि आतला आरसा त्याच दिव्यासाठी घडवलेला असतो. जुन्या दिव्यात नुसता बल्ब बदलला तर उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी वर फेकला जातो, आणि डीपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, असला तरी समोरच्याच्या थेट डोळ्यांत जातो. नोकरीत असताना मी अशा गाड्या बाजूला उभ्या करून लोकांना हेच ऐकवलेलं आहे.

पण माझ्या पडवीत माझी स्वतःची स्कूटर उभी होती आणि तिच्यात मुलानं असाच बल्ब बसवून दिला होता. चालत नाही म्हटलं असतं तर भाटकरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं असतं. काही बोलले नसते. नुसतं पाहिलं असतं.

"चालतं," मी म्हटलं.

"मग बरा झाला," म्हणाले आणि गेले. त्याच दिवशी बल्ब बसवून घेतला.

यानंतर काही आठवड्यांनी ते पुन्हा आले. मी झाडांना पाणी घालत होतो. म्हणाले, "साहेब, एक विचारायचा होता. आजकाल समोरून येणारे मला डीपर मारतात. मी तर डीपरवरच असतो. दिवा बगायला पायजे काय?"

त्यांना स्वतःचा दिवा समोरून दिसत नव्हता. तो मला दिसत होता. रोज संध्याकाळी ते फाटकातून वळले की माझ्या घराची भिंत पांढरी व्हायची. तेव्हा तरी सांगता आलं असतं. मी म्हटलं, "लोकांना पांढऱ्या उजेडाची सवय नाही अजून. होईल."

"तसाच असंल," ते म्हणाले. वर्कशॉपनं ठीक म्हटलं होतं.

पावसाळा संपत आला होता. भाट्याकडून सड्यावर चढणारा रस्ता एका बाजूला चिऱ्याची दरड आणि तिच्या पायथ्याशी गटार असा आहे. भाटकर गोळपकडून उतरत होते. समोरून मोटरसायकलवर इक्बाल नावाचा माणूस चढत होता. तो नाटे गावचा, मिरकरवाडा बंदरात एका बोटीवर खलाशी. वळणावर त्याच्या डोळ्यांवर उजेड आला, त्याला रस्त्याची कड दिसली नाही आणि तो गाडीसकट गटारात गेला. मांडीचं हाड मोडलं. भाटकर तिथेच थांबले. रिक्षा बोलावली, त्याला सरकारी रुग्णालयात नेलं, त्याच्या घरी फोन लावला. इक्बाल म्हणत होता, "चाचा, मीच पडलो, तुमची गाडी लागली नाय मला." त्यानं पोलिसांनाही तेच सांगितलं. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण भाटकरांनी रुग्णालयातल्या पोलिसाला स्वतः होऊन सांगितलं, "त्याचे डोळे माज्या दिव्यानं दिपले. तो नीट चालला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना ठाण्यावर बोलावलं. वहिनी गडग्याशी आल्या. डोळे सुजलेले होते. "साहेब, तुम्ही बरोबर जावा. तुम्हाला कायदा कळता. ह्ये आपले काय विचारतील त्याला व्हय व्हय करतील."

मी गेलो.

स्कूटर ठाण्याच्या आवारात उभी होती. हवालदार चाळिशीतला, बोलका माणूस होता. त्यानं किल्ली फिरवून दिवा लावला. भर सकाळी समोरच्या भिंतीवर उजेड दिसला.

"आजोबा, ही स्कूटर आहे का बोटीवरचा सर्चलाइट? कंपनीचा बल्ब काढून हा कुणी घातला?"

"गॅरेजवाल्यानं. पण मी सांगितल्यावर."

"आणि तुम्ही एसटीत होता म्हणे. तुम्हाला ठाऊक नाही, असं चालत नाही ते?"

"चालता असा..." भाटकर बोलायला लागले आणि थांबले.

"चालतं असं काय? कोण म्हणालं चालतं?"

मी त्यांच्या शेजारी उभा होतो. आमच्या खांद्यांत हातभर अंतर नव्हतं. आवारात एक बदामाचं झाड होतं, त्याखाली जप्त केलेल्या मोटरसायकली गंजत पडल्या होत्या. मी त्या मोटरसायकलींकडे बघत राहिलो. भाटकरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला आजही माहीत नाही.

"कोण नाय," ते म्हणाले. "मलाच वाटला."

हवालदार माझ्याकडे वळला. "साहेब, तुम्ही त्याच खात्यातले ना? तुम्हीच सांगा यांना. चालतं का हे?"

"नाही," मी म्हटलं. "चालत नाही."

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ. पण मी समजावूनही सांगितलं. मंजूर दिव्यात बदल करता येत नाही, जुन्या आरशात हा बल्ब उजेड वर फेकतो, समोरच्याला काही दिसत नाही. माझा आवाज नोकरीत असायचा तसा निघाला. खणखणीत.

"ऐकलंत?" हवालदार म्हणाला. "किती नीट सांगितलं साहेबांनी. हे आधी विचारलं असतंत शेजारी, तर?"

भाटकर म्हणाले, "व्हय. चुकला माजा."

परत आम्ही रिक्षानं आलो. घराशी उतरल्यावर ते म्हणाले, "तुमची सकाळ मोडली साहेब." मी पडवीत गेलो, माझ्या स्कूटरचा बल्ब काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि संध्याकाळी कचऱ्यात टाकला. बायकोनं विचारलं काय ते. मी म्हटलं, गेला होता.

पुढे कोर्टात त्यांनी गुन्हा कबूल केला. वकील म्हणत होता, लढू, इक्बाल आपल्याच बाजूनं बोलतो आहे. भाटकर म्हणाले, "माणूस पडला ना? मग लढायचा कुणाशी?" दंड झाला. इक्बालचा तो मासेमारीचा हंगाम गेला. भाटकर मधूनमधून एसटीनं नाट्याला जाऊन त्याला बघून येत. जाताना नारळ, तांदूळ असं काही पिशवीत असे. इक्बाल पुढे बरा झाला, थोडा लंगडतो, पण बोटीवर जातो.

स्कूटर मात्र त्यांनी पुन्हा चालवली नाही. जुना बल्ब परत बसवून घेतला, पाण्यानं धुतली आणि विकून टाकली. गोळपला चालत आणि रिक्षानं जायला लागले, मग जायचेच कमी झाले. जानेवारीत डेपोतून माणूस बोलवायला आला. मी पडवीत होतो, मला सगळं ऐकू आलं. तो म्हणाला, "भाटकर, लोक विसरले ते. तुम्ही या." भाटकर म्हणाले, "लोक विसरले असतील. मी काय तोंडानं सांगू त्या पोरांना? दिवा समोरच्यासाठी असतो म्हणून?" तो माणूस बराच वेळ बसला, चहा घेतला आणि गेला. नंतरच्या वर्षी कुणी आलं नाही.

वसाहतीत लोक बोलायचे. वाईट नाही, पण बोलायचे. एवढा नियमाचा माणूस आणि बघा. हेल्मेट घालून कोथिंबीर आणायचा आणि बल्ब बेकायदा. कुणी माझ्यासमोर म्हटलं तर मी म्हणायचो, जाऊ द्या, म्हातारा माणूस आहे. हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन. भाटकर माझ्यापेक्षा वर्षा-दोन वर्षांनीच मोठे होते.

एका उन्हाळ्यात वहिनींनी गडग्यावर कोकमाची सोलं वाळत घातली होती. भाटकर ती राखत काठी घेऊन बसले होते. मी वर्तमानपत्र द्यायला गेलो. परत वळणार तोच ते म्हणाले, "साहेब, नियम बदलत असतात ना?"

"कसले?"

"दिव्याचे. तुम्ही सांगितला तेव्हा चालत असंल. मग मधेच बंद झाला असंल. तुम्हाला तरी सगळा कसा कळणार, रिटायर झाल्यावर?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी तो विषय काढला होता. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते खरंच विचारत होते, आणि होय असं उत्तर यावं अशी त्यांची इच्छा होती. मला वाटतं, मला खोटं ठरवण्यापेक्षा नियमाला बदलतं ठरवणं त्यांना सोपं जात होतं.

"हो," मी म्हटलं. "बदलतात."

"मग बरोबर," ते म्हणाले. एक कावळा सोलांवर उतरला. त्यांनी काठी आपटली.

वहिनी गेल्यावर भाटकर खचले. मुलगी चिपळूणला दिलेली होती, ती न्यायला आली. सामान टेम्पोनं आधीच गेलं होतं. ती म्हणाली, आपण गाडी करू. भाटकर म्हणाले, एसटीनंच जायचं. मी स्टँडवर पोचवायला गेलो. आदल्या रात्री मी काय बोलायचं ते मनाशी ठरवलं होतं. फार काही नव्हतं, दोनचार वाक्यं होती. ती मी स्टँडपर्यंत मनात म्हणत गेलो.

चिपळूणची गाडी लागली होती. मुलगी पाण्याची बाटली आणायला उतरली. भाटकर खिडकीशी बसले, मी त्यांच्या शेजारी. ड्रायव्हर पोरगेलासा होता. तो गाडीच्या बाहेर उभा राहून फोनवर बोलत होता. भाटकर खिडकीतून त्याच्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "भाटकर, ते दिव्याचं..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात वर केला, नको म्हणतात तसा नाही, पण वर केला. मग ड्रायव्हर चढला, इंजिन सुरू झालं. मुलगी बाटली घेऊन येऊन मागच्या सीटवर बसली.

"साहेब, उतरा आता," भाटकर म्हणाले. "बिनतिकिटाचा माणूस गाडीत बसलेला बरा नाय. त्या पोराला ऐकून घ्यावा लागंल."

मी उतरलो. खिडकीखाली उभा राहिलो. अजूनही बोलता आलं असतं, काच उघडी होती. ते खिडकीतून वाकून म्हणाले, "पडवीतल्या नळाची चावी तुमच्याकडे ठेवलीय. टाकी भरली की बंद करा." मी मान हलवली. कंडक्टरनं घंटा दिली. गाडी मागे सरली, वळली. त्यांनी हात केला. मी म्हटलं, "पोचल्यावर फोन करा."

त्यांनी रात्री फोन केला. पोचलो, म्हणाले. मी म्हटलं, बरं झालं. त्यानंतर सहा महिन्यांनी त्यांच्या मुलीचाच फोन आला.

स्टँडवर बोलायचं ठरवलेलं मला अजून पाठ आहे. भाटकर, तुम्ही मला विचारलं होतंत. दोनदा विचारलंत. नियम बदलला नव्हता, मला माहीत होता. ठाण्यावर तुम्ही माझं नाव घ्यायला हवं होतंत, आणि तुम्ही घेतलं नाहीत तर मी सांगायला हवं होतं. मला माफ करा.